पायमशीनचा आवाज

आतल्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता आणि मी थोरलीच्या नव्या फ्रॉकला इस्त्री करायला घेतली होती. सासूबाईंनी तो सकाळीच पुरा करून दिला होता. आता धाकटीचा घेऊन बसल्या होत्या.

जन्मभर गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे शिवले बाईंनी. मग कुणा मेल्याने फोनवरचा पत्त्यांचा खेळ दाखवला आणि वर्षाच्या आत बांगड्या गेल्या, अंगठी गेली, मामंजींचं घड्याळही गेलं. माझ्या नवऱ्याने तेव्हा एकच सुनावलं, "पुन्हा खेळलीस तर तुला आई म्हणून हाक मारणार नाही." आणि तो बोलला तसं करणारा; हट्ट आईकडूनच आलाय. तेव्हापासून रोज मशीन वाजायचं, आणि मला मेलीला वाटायचं, सुटल्या एकदाच्या.

फ्रॉक उलटा केला आणि माझा हात थांबला. मशीनची टीप दोन्हीकडून सारखी दिसते. ही आतून एकावर एक चढली होती. अख्खा फ्रॉक हाताने शिवलेला. मग इतके दिवस वाजतंय काय?

इस्त्री बंद करून आत गेले. सासूबाईंचे पाय चालू होते, खालचं चाक खडखडत फिरत होतं. वर मशीन नव्हतंच, नुसता स्टँड. मांडीवर धाकटीचा फ्रॉक आणि हातात सुई.

"आई, मशीन कुठाय?"

"दुरुस्तीला दिलंय."

"आई."

सुई थांबली, पाय थांबले नाहीत. "विकलं गं. परत आणणार होते. एक डाव लागला असता की झालं असतं."

"आणि बोटांची ही चाळण?"

"बारीक घातलीये टीप. बाहेरून कळत नाही ना?" त्यांनी अगदी कौतुकाने विचारलं. मला रडू आलं, आणि तेवढाच संतापही आला.

तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं. नवऱ्याने चपला काढता काढता हाक मारली, "आई, चहा टाकू का? की चाललंय तुझं काम?"

सासूबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"चाललंय त्यांचं," मीच म्हणाले.

त्यांनी डोळे पुसले. मग मांडीवरच्या कापडाखाली फोन थरथरला. सुई कापडात खोचून त्यांचा हात तिकडे गेला. पाय चालूच होते.