पाखरं बघायला गेलेली अयोध्या

अयोध्याला पाखरं बघायचीच नव्हती, हे आधी सांगून टाकलेलं बरं. तिला बघायचा होता उत्तरेश्वर.

आता हा उत्तरेश्वर कोण? तर ढोकीकडचा, सरकारनं जुन्या तळ्याची डागडुजी काढली होती ना, तिथला कारकून. येत्या बुधवारी त्याच्याशी तिची सुपारी फुटायची होती. त्याच्याकडची माणसं कळंबला आली, हिला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला, बचकभर लाडू खाल्ले आन् पसंत म्हणून गेली. नवरदेव काय आला न्हाय. त्यानं हिला बघितलं न्हाय, हिनं त्याला न्हाय. फोटो मागितला तर शाळेतला आला. चाळीस-पन्नास पोरं दाटीनं उभी, आन् ओळखू यावा म्हणून कुणीतरी त्याच्यावर शाईचा ठिपका दिलेला. ठिपका बरोबर तोंडावर!

तिचे वडील आण्णासाहेब तसे आडमुठे नव्हते. म्हणाले, "पोरी, नको असंल तर बुधवारच्या आत सांग. पण कारण सांग. नुसतं न्हाय म्हणलेलं मी ऐकणार न्हाय."

घ्या! माणूसच बघितला न्हाय तर कारण आणायचं कुठून?

मग हसीना कामाला आली. हसीना म्हणजे शेजारच्या बाबामियाँची पोरगी, अयोध्याची जिवाची मैत्रीण. डोकं असं चालायचं तिचं, की वकील झाली असती. तिचा भाऊ मुनवर त्याच तळ्यावर मुकादम होता. आन् बाबामियाँ निजामाच्या काळात जंगलखात्यात होते. राज्य गेलं, नोकरी संपली, पण साहेबानं दिलेली दुर्बीण काय त्यांनी सोडली न्हाय. दर हिवाळ्याला तळ्यावर लांब पायांची गुलाबी पाखरं यायची. बाबामियाँ त्यांना हंसावर म्हणायचे आन् बैलगाडी जुंपून एकटेच बघायला जायचे. कारण दुसरं कुणी यायलाच तयार नसायचं.

"अब्बा, अयोध्याला हंसावर बघायचेत," हसीनानं नुसतं म्हणायचा अवकाश, म्हातारा असा खुलला, की बैलांच्या शिंगांना तेलच लावायला बसला.

राहिली मथुराआत्या. लग्नाची पोरगी एकटी कशी धाडायची, म्हणून तिला बरोबर घ्यायलाच पायजे होतं. अयोध्या म्हणाली, "आत्या, देवळातल्या चित्रात असत्यात ना हंस, तसलेच हायत म्हणं." आत्यानं लगेच भाकरी बांधल्या, वर शेंगदाण्याची चटणी, आन् हंसांना टाकायला म्हणून मूठभर जोंधळे पण घेतले.

गाडीत हसीना कानात कुजबुजली, "मुनवरनं सांगितलंय, ओळखायचा कसा ते. कोट घालतो, छत्री बाळगतो."

"मुनवरला तू काय काय सांगितलंस?"

"त्याला न्हाय सांगायचं, असं बजावलंय मी. त्या उत्तरेश्वरला कायबी सांगायचं न्हाय म्हणलं."

"मंजी सांगितलंच असंल त्यानं!"

हसीना बैलांच्या शेपट्या बघत बसली.

उन्हं वर आली तवा गाडी बांधाला लागली. आन् खरं सांगायचं तर अयोध्यापण घटकाभर उत्तरेश्वरला विसरली. तळं आटत आलेलं, मधी पाणी, कडेनं चिखल. आन् त्या पाण्यात, जणू कुणी फिकट गुलाबी लुगडी वाळत घातलीत, अशी ती पाखरं! काडीसारखे पाय, लांब मान, आन् डोकं उलटं करून पाण्यात घातलेलं. वर त्यांचा कालवा असा, जसा काय बाजार भरलाय.

"सुभानअल्ला!" बाबामियाँ हळूच म्हणाले. दरवर्षी बघत होते तरी म्हणाले. मग त्यांनी दुर्बीण पुसली आन् मोठ्या मानानं अयोध्याच्या हातात दिली. "बघ बेटा. एका पायावर कसे झोपत्यात बघ."

अयोध्यानं दुर्बीण डोळ्याला लावली आन् पाखरांवरनं सरळ पलीकडच्या काठावर नेली.

कोट! छत्री! हायच की!

"दिसले का?" बाबामियाँ.

"दिसले चाचा."

"काय करायलेत?"

"उभेत." मग तिनं नीट बघितलं. "मिशा हायत."

"पाखराला मिशा?" आत्या ओरडली.

हसीनानं असा चिमटा काढला, की अयोध्या कळवळली. "मंजी... चोचीपशी काळं हाय, तसं म्हणलं."

"हां, चोचीचं टोक काळंच असतंय," बाबामियाँ खूश. "पण बेटा, तू वर बघायलीस. खाली बघ, पाण्यात. तिकडं नुसत्या बाभळी हायत."

ते बिचारे दुर्बीण धरून खाली करायचे, आन् ही हळूहळू परत वर न्यायची.

पण जशी जशी बघत गेली, तसं तिचं तोंड उतरत गेलं. ही बघायला येणार, हे मुनवरनं त्याला सांगितलेलं दिसतच होतं. एवढ्या उन्हात पठ्ठ्यानं कोटाची सगळी बटनं लावलेली. एक हात छत्रीवर, दुसरा कमरेवर, छाती पुढं. हलत न्हाय, डुलत न्हाय. बघा मला, किती देखणा! मजूर काय तरी विचारायला आला, तर मान न वळवता बोटानंच वाट दाखवली त्याला. ह्या खांबासंगं जन्म काढायचा? पण आण्णांना सांगायचं काय? छाती पुढं काढतो म्हणून नको?

"लई गंभीर हाय गं," ती हसीनाला म्हणाली.

"कोण, हंस?" आत्यानं विचारलं. "असणारच. देवाचं वाहन."

तेवढ्यात खांब हलला. इकडून नीट दिसत नसंल, असं वाटलं असंल त्याला. न्हायतर त्यालाच हिला बघायचं असंल, त्याच्याकडं कुठली आली दुर्बीण? छत्री मिटली, केसावरनं हात फिरवला आन् ऐटीत निघाला की पाण्याकडं! वरनं चिखल वाळलेला, भेगा पडलेल्या. आतलं कुणाला ठावं? दहा-बारा पावलं बरोबर पडली. पुढचं पाऊल गुडघ्याइतकं आत गेलं.

त्यानं ते उपसलं. चप्पल आतच राह्यली. तोल जायला लागला म्हणून छत्री टेकली, तर तीपण निम्मी आत. मग दोन्ही हात असे काय पसरले, की सगळी पाखरं भडकली.

बापरे! काय उडाली म्हणता! पंख उघडले आन् आतला रंग भायेर आला, लालभडक, कडेला काळा. सगळं तळंच पेटून वर गेल्यावाणी. बाबामियाँ टाळ्या पिटायला लागले. आत्यानं हात जोडले. हसीना "अगं आई गं" करत उभी राह्यली. सगळ्यांच्या माना आभाळाला.

एकट्या अयोध्यानं दुर्बीण खाली चिखलाकडंच धरली होती.

उत्तरेश्वर एका पायावर उभा होता. दुसरा पाय वर धरलेला, चिखलानं काळा. त्यानं इकडं बांधाकडं बघितलं. सगळं बघितलं गेलंय, हे त्याला कळलं. आता हा चिडणार, मजुरावर खेकसणार, असं अयोध्याला वाटलं. तर गड्यानं काय करावं? वरचा पाय पोटाशी घेतला, मान वाकडी करून खांद्यावर टेकवली आन् डोळे मिटून घेतले. हुबेहूब झोपलेला हंसावर! आन् मिशीखालनं हसायलाय, दात सगळे दिसायलेत.

अयोध्या एवढ्यानं हसली, की बैल बिचकले.

"काय गं? काय हाय तिकडं?" आत्यानं दुर्बीण ओढूनच घेतली. इकडं तिकडं फिरवली, मग थांबली. "अगं बया! ह्यो कोण येडा चिखलात?"

हसीनाला एकदम भाकरीचं फडकं बांधायची आठवण झाली.

"आत्या," अयोध्या म्हणाली, "त्यो... ढोकीचा."

आत्यानं दुर्बीण काढली, हिच्याकडं बघितलं. "मंजी तू पाखरं बघायला म्हणून..." दंडावर एक चापट बसली. "थांब, घरी जाऊ दे. आण्णाला सांगते."

"काय सांगता?"

"पोरगी हाताभायेर गेली म्हणून!" आत्या जरा थांबली. मग आवाज खाली आला. "घावलं का मग कारण? न्हाय म्हणायला?"

अयोध्यानं मान हलवली. "एक पण न्हाय घावलं."

"बघ की नीट. बुधवारनंतर रडशील."

"द्या मग दुर्बीण."

"थांब. आधी मला बघू दे." आन् आत्यानं ती परत डोळ्याला लावली.

बाबामियाँ आभाळातनं खाली आले. पाखरं पार गावाच्या अंगाला गेली होती, तळं रिकामं. त्यांना काय कळंना. "मथुराबाई, हंसावर तर गेले की. आता काय बघायलात?"

"जरा दम धरा मियाँभाई," आत्या म्हणाली, "पाय खाली ठेवायलाय त्यो."