दिलराजला स्वर्गात पाठवलं तो रविवार

माणूस गेल्याची बातमी मला सगळ्यांच्या आधी लागते, आणि खोटं कशाला बोलू, ती पुढे सांगताना मला बरं वाटतं. शरणपूर रोडला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. नाशकात श्रद्धांजलीचा बॅनर हवा असला, की लोकांना मनोज आठवतो. वर एका कोपऱ्यात गेलेला माणूस, मावेल तेवढा. खाली हयात माणसं, त्याच्या दुप्पट आकारात, हात जोडून, गॉगल लावून. मेलेल्यापेक्षा दुःख मोठं दिसलं पाहिजे, असं गिऱ्हाईकाचं म्हणणं असतं.

नट, गायक, क्रिकेटवाले यांच्यासाठी मी कॉम्प्युटरवर एक वेगळं फोल्डर करून ठेवलंय. त्याचं नाव ‘येणारे’. ऐंशीच्या पुढचे झाडून सगळे त्यात आहेत. फोटो कापलेला, हार घातलेला, दोन्ही बाजूंना समया पेटलेल्या. फक्त तारीख टाकायची बाकी. माझी बायको सविता म्हणते, हे पाप आहे. मी म्हणतो, ती घटका कोणालाच ठाऊक नाही, म्हणून तयारीत राहा, असं आपलंच शास्त्र सांगतं ना? मी तयारीत आहे. आता दुसऱ्यांच्या वतीने आहे, एवढाच काय तो फरक.

आम्ही ख्रिस्ती. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी नट गेला की दोन पक्ष पडतात. एक पक्ष हात जोडल्याची चित्रं टाकतो. दुसऱ्या पक्षात भिमाजीमामा एकटेच आहेत, पण ते पुरेसे आहेत. ते एवढंच विचारतात, ‘बाप्तिस्मा झाला होता का?’ मग ग्रुप दोन तास गार पडतो. शेवटी कोणीतरी केकचा फोटो टाकून सगळ्यांची सुटका करतं.

माझं स्वतःचं मत असं, की देवाने नटांना थोडी सवलत द्यावी. बाकीचे लोक एकदाच मरतात. जुना हिंदी हिरो दिलराज घ्या. त्याच्या सिनेमांतली मरणं मी एकदा मोजली होती. सदतीस. त्यांतली अकरा आईच्या मांडीवर. इतका सराव झालेल्या माणसाला दारात फार चौकशी करून ताटकळत ठेवू नये.

हे मत मी घरात बोलत नाही, कारण घरात माझी आई आहे. आईचं वय एक्क्याऐंशी. नाव साळूबाई, पण मंडळीतले जुने लोक अजून तिला सिस्टरच म्हणतात. मिशनच्या दवाखान्यात तिने पस्तीस वर्षं नर्स म्हणून काढली. चौऱ्याहत्तर साली गंगापूर धरणावर दिलराजचं शूटिंग होतं. तिथे त्याच्या पायात काच घुसली आणि त्याला गाडीत घालून दवाखान्यात आणलं. काच आईने काढली. निघताना तो लंगडत दारात थांबला आणि म्हणाला, “सिस्टर, दुआ में याद रखना.” सिनेमावाले असं बोलतातच, चहावाल्यालाही बोलत असतील. पण तो बोलून गेला आणि आईने ते ड्यूटीसारखं लावून घेतलं.

तेव्हापासून रोज रात्रीच्या प्रार्थनेत दिलराज. ‘प्रभू, त्याला तुझी ओळख होऊ दे, त्याला तुझ्यापासून लांब ठेवू नकोस.’ पन्नास वर्षांत एक दिवस खाडा नाही. वडील होते तोवर कुरकुरायचे, की यादीत माझं नाव दिलराजच्या खाली का? आई म्हणायची, तुम्ही मंडळीत आहात, तुमचं मला टेन्शन नाही. दिलराज हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव काय, तो मूळचा कोण, आईला कशाचाच पत्ता नाही. पण देवाला कळत असेल कोणाबद्दल चाललंय ते, असा तिचा हिशेब.

तर गेल्या महिन्यातली गोष्ट. शनिवारी दुपारी तीनला रविराजभाऊंचा फोन आला. भाऊ येत्या निवडणुकीत नगरसेवक होणार आहेत. गेल्या दोन्ही निवडणुकांतही होणार होते.

“मन्या, दिलराज गेला रे. आत्ता ग्रुपवर आलं. गंगापूर रोडला पहिला बॅनर आपला लागला पाहिजे. समोरचा पण लय फास्ट आहे.”

“नक्की गेलाय ना भाऊ?”

“अरे शहाऐंशीचा होता! नाही गेला तर काय करणार?”

हा युक्तिवाद ऐकून मी कॉम्प्युटर चालू केला. ‘येणारे’मधून दिलराज बाहेर काढला, तारीख टाकली, खाली भाऊ आणि भाऊंची बारा पोरं बसवली. पाच वाजता बॅनर चौकात होता. खरं सांगतो, खाली उभा राहून वर बघताना मला अभिमान वाटला. टीव्हीवर अजून काही नव्हतं आणि माझा दिलराज हार घालून तयार होता.

त्याच तोऱ्यात घरी गेलो. आई मेथी निवडत होती. चपला काढायच्या आधीच मी म्हणालो, “आई, तुझा हिरो गेला.”

आईने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, “ओळख झाली होती का रे त्याला?”

“कोणाची?”

“प्रभूची. दुसऱ्या कोणाची?”

“ते काही ग्रुपवर आलेलं नाही,” मी म्हणालो. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. रात्री जेवली नाही, आणि ताट परत करताना सविताला म्हणाली, “उद्या मी प्रभुभोजन घेणार नाही.”

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. आपण वेदीपाशी जातो, पाळक भाकर आणि प्याला देतात. आईने ते साठ वर्षांत चुकवलेलं नाही. मी जन्मलो त्या आठवड्यातसुद्धा नाही. पाळकांना दवाखान्यात बोलावलं होतं. आणि नियम असा, की मनात कोणाबद्दल अढी असेल तर आधी ती मिटवायची, मग प्याल्याला हात लावायचा.

“तुझी कोणाशी अढी आहे?” मी विचारलं.

“देवाशी,” आई म्हणाली. “पन्नास वर्षं मी एकच माणूस मागितला. त्याचा आत्मा वाचला की नाही, एवढं मला कळलं पाहिजे. नाही कळलं तर मी कोणत्या तोंडाने त्याच्या मेजाजवळ जाऊ? मनात राग ठेवून प्याला घेतला तर तो बाधेल.”

एक्क्याऐंशी वय, साखर, रक्तदाब, आणि देवाशी असहकार. मी पाळकांना फोन लावला. आमचे पाळक महेश तिशीचे आहेत, सेमिनरीतून पाळकाचं शिक्षण घेऊन येऊन वर्ष झालंय. घाबरले की इंग्रजीत जातात. त्यांनी आईला फोनवर वीस मिनिटं कृपा समजावली, न्याय समजावला, दोन्हींच्या मधलंही काही समजावलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे आहे की नाही?”

“आजी, ॲक्च्युअली, आपण असं ठामपणे...”

“मग राहू द्या,” आई म्हणाली आणि फोन माझ्याकडे दिला.

रविवारी सकाळी ती नेहमीसारखी पांढरी साडी नेसून देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, आली, पहिल्या बाकावर बसली, सगळी गीतं म्हणाली. प्रभुभोजनाला रांग लागली तेव्हा मात्र हात मांडीवर ठेवून जागेवरच बसली. लोक वेदीकडे जाता जाता तिच्याकडे बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. काय झालंय ते सगळ्यांना कळलं होतं, कारण आईची दिलराजसाठीची प्रार्थना मंडळीत सगळ्यांना माहीत आहे, आणि भिमाजीमामांनी रात्रीच ग्रुपवर आपला प्रश्न टाकून ठेवला होता. मला मान वर करवेना. एक बातमी दोन तास आधी सांगायच्या हौसेपायी मी माझ्या आईला रिकाम्या बाकावर एकटीला बसवलं होतं. दुकानात रोज पाच माणसं मारतो मी, पण त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली.

रांग संपली. पाळक वेदीपाशी प्याला घेऊन उभे राहिले. मग पायऱ्या उतरून तिच्या बाकापाशी आले. म्हाताऱ्या माणसांना जागेवर देतात, त्यात विशेष काही नाही. आईने वर बघितलं. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिला वाटलं ती कुजबुजतेय. प्रत्यक्षात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

“आहे का तो तिथे?”

पाळकांनी एकदा भिमाजीमामांकडे बघितलं, एकदा वर बघितलं, आणि मोठ्याने म्हणाले, “आहे, आजी. दिलराज प्रभूजवळ आहे.”

आईने त्यांच्याकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि प्याला घेतला. भिमाजीमामांना ठसका लागला. मला रडू आलं, आणि मी ते गीताच्या पुस्तकात लपवलं.

दुपारी साडेबाराला दिलराजच्या मुलाने व्हिडिओ टाकला. दिलराज बाल्कनीत बसून पोहे खात होता. पोरगा म्हणत होता, पप्पा ठणठणीत आहेत, अफवांवर विश्वास ठेवू नका. दिलराजने चमचा वर करून हात हलवला. तेवढ्यात रविराजभाऊंचा फोन.

“मन्या, गडबड झाली. बॅनर काढू नको पण, खर्च झालाय. हार पुसून टाक, समया घालव, आणि वर ‘दीर्घायुष्य चिंतितो’ चिकटव. आपण पहिलेच राहू.”

मी फोन ठेवला. मंडळीच्या ग्रुपवर एव्हाना शहात्तर मेसेज आले होते. भिमाजीमामांचा एकच होता: ‘पाळकसाहेबांनी जिवंत माणूस वर पाठवला आहे. खुलासा व्हावा.’

आईला व्हिडिओ दाखवला. तिने तो तीनदा बघितला. “पायाने नीट चालतो ना?” म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “आणि तू. जिवंत माणसाच्या गळ्यात हार घालतोस होय रे?” एक्क्याऐंशीव्या वर्षीही तिचा हात कानापर्यंत पोचतो, हे मला त्या दिवशी कळलं. सविता स्वयंपाकघरातून बघत होती आणि तिने मला वाचवायचा कसलाही प्रयत्न केला नाही.

चार वाजता पाळक स्वतः आले. चेहरा उतरलेला, चहा नको म्हणाले. आईसमोरच्या खुर्चीत टोकावर बसले. इंग्रजी एक शब्द नाही.

“आजी, मी खोटं बोललो. वेदीसमोर, हातात प्याला घेऊन खोटं बोललो. तो कुठे आहे, मला माहीत नव्हतं. कोणाचंच मला माहीत नसतं. तुम्ही प्याल्यावाचून घरी जाल, हे मला बघवलं नाही, म्हणून बोललो. कालच्या फोननंतर मी रात्रभर झोपलो नव्हतो. मंडळीच्या कमिटीला मी तसं लिहून देणार आहे.”

“काही लिहून द्यायचं नाही,” आई म्हणाली. “तुम्ही खोटं बोलताय, हे मला तेव्हाच कळलं होतं.”

पाळकांनी मान वर केली. मीही.

“मग तुम्ही प्याला घेतलात कसा?”

“पस्तीस वर्षं नर्स होते मी. थरथरणारा हात मला कळतो. प्याला सांडेल की काय, इतका तुमचा हात थरथरत होता. एका म्हातारीसाठी, आणि तिच्या सिनेमातल्या हिरोसाठी.” आईने चष्मा काढून पदराने पुसला. “मी म्हटलं, या कालच्या पोराला आमची इतकी काळजी, तर वरच्याला किती असेल. मग माझं भांडणच राहिलं नाही.”

पाळकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आई सविताला म्हणाली, चहा टाक, आता घेतील ते. आणि मला कोणी काही न सांगताच मी पायात चपला सरकवल्या, दुकानातून शिडी घेतली, आणि गंगापूर रोडला जाऊन बॅनर उतरवला.