मामांचा रिकामा वेळ

घरात सगळे जिला ठमी म्हणत, ती कॉम्प्युटर विभागात वरच्या मजल्यावर बसायची आणि तिचे सख्खे मामा त्याच इमारतीच्या तळघरात, माहिती साठवलेल्या जुन्या टेपांच्या खोलीत. मधे फक्त जिना होता. पण नोकरीला लागल्यापासून ठमीनं तो क्वचितच उतरला होता, कारण फिंगर होतं.

फिंगर ही एक साधी कमांड. काळ्या पडद्यावर ती टाईप करायची, पुढे माणसाचं नाव घालायचं, की तो नेटवर्कवरच्या कुठल्या यंत्रावर बसलाय आणि कीबोर्डला हात न लावता किती वेळ रिकामा आहे, ते दिसतं. तळाशी त्याची 'योजना' येते, म्हणजे त्यानं स्वतःविषयी लिहून ठेवलेलं काहीबाही. मामांनी लिहिलं होतं : 'निवृत्ती. तोवर हळू बोला.'

मामांना मधुमेह होता. इन्शुलिन टोचून घ्यायचे आणि मग जेवायचं विसरायचे. साखर एकदम उतरली की माणूस बसल्या जागी कोसळतो, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून मामीचा रोज फोन.

"जिवंत आहेत का गं तुझे मामा?" भाजी निवडता निवडता विचारावं तसं ती विचारायची.

ठमी फोन मानेत धरून कमांड टाकायची. बराच वेळ रिकामे, मग घटकाभर काम, मग पुन्हा रिकामे. ही मामांची नाडी तिला पाठ होती.

"आहेत मामी. आत्ताच झोपलेत."

"मग ठीक."

विभागाचे साहेबही फिंगरवरच राज्य करायचे. ज्याचा रिकामा वेळ कमी तो गुणी, जास्त तो कामचुकार. त्यामुळे शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या चष्मिसनं कीबोर्डच्या स्पेसबारवर स्टेपलर ठेवून, म्हणजे कळ सतत दाबलेली ठेवून, दोन बढत्या मिळवल्या होत्या. सगळा मजला काही ना काही ठेवायचा. कुणी कुलूप, कुणी लोणच्याची बरणी. नाही ठेवायचे ते फक्त मामा. "झोपायचं तर उघड झोपावं," ते म्हणत, "चोरून झोपलेलं अंगाला लागत नाही."

त्या दिवशी दुपारी मामीचा फोन आला आणि ठमीनं नेहमीप्रमाणे पाहिलं. रिकामा वेळ : शून्य.

"कामात आहेत," ती म्हणाली.

"कोण?" मामी म्हणाली.

फोन ठेवल्यावर ठमीनं पुन्हा पाहिलं. शून्य. चहा पिऊन आली, पाहिलं. शून्य. आधी तिला बरं वाटलं, मग गंमत वाटली आणि मग शंका आली. स्वतःच्या लग्नात हार घालायलासुद्धा जे उभे राहायला तयार नव्हते, ते मामा एवढा वेळ दम न खाता टाईप करत होते?

तिनं पडद्यावरून निरोप धाडला : 'मामा, जेवलात का?' उत्तर नाही. तळघरात फोन लावला. तो वाजत राहिला. तळघराचं दार आपोआप बंद व्हायचं आणि बाहेरून उघडायची किल्ली एकट्या साहेबांकडे.

ती धावतच साहेबांच्या खोलीत शिरली. तिथं अर्धा मजला गोळा झालेला.

"ये ये, भाचीबाई!" साहेब पडद्याकडे हात करून म्हणाले. "बघा सगळ्यांनी! या वयात हा उत्साह! टाळ्या!"

टाळ्या पडल्या.

"साहेब, किल्ली द्या. मला खाली जायचंय."

"आत्ता? अगं, माणूस जन्मात पहिल्यांदा कामाला लागलाय. त्याची समाधी मोडतेस?"

"फोन उचलत नाहीत ते."

"उचलतील कसे? दोन्ही हात कामात आहेत!"

"माणूस नाक पुसायला तरी थांबतो की नाही साहेब? हे थांबतच नाहीयेत."

"तेच तर कौतुक!" साहेबांनी कमांड पुन्हा टाकली. शून्य. पुन्हा टाळ्या.

तेवढ्यात मागून चष्मिस घसा खाकरून म्हणाला, "साहेब, असं माणूस टाईप करत नाही. वजन करतं."

"कसलं वजन?"

"म्हणजे... माझ्याकडे स्टेपलर असतो." त्यानं एकदा ठमीकडे पाहिलं आणि दोन बढत्यांवर पाणी सोडलं. "रोज असतो."

"म्हणजे तुझ्या मामांनीही—" साहेब लाल होऊ लागले.

"मामा काही ठेवत नाहीत," ठमी म्हणाली.

मग कीबोर्डवर आहे काय, हे कुणी विचारलं नाही. टाळ्या वाजवलेले हात तसेच अधांतरी राहिले. ठमीनं साहेबांच्या टेबलावरची किल्ली उचलली आणि पळत सुटली.

जिना संपता संपेना. किल्ली कुलपात जाईना. शेवटी मागून आलेल्या चष्मिसनं तिचं मनगट धरून ती फिरवली. आत थंडगार हवा, टेपांच्या उंच मांडण्या आणि कोपऱ्यात उजळलेला पडदा. त्यावर एकच अक्षर ओळींमागून ओळी भरत धावत होतं. मामांचा गाल कीबोर्डवर होता. डबा बाजूला, न उघडलेला.

"मामा!"

अंग घामानं चिंब आणि गार. श्वास आहे की नाही, यंत्रांच्या घरघरीत कळेना. चष्मिस फोनकडे धावला. ठमीनं मामांना खाली उतरवून कुशीवर वळवलं, टेबलावरच्या चहाच्या सामानातली साखर ओल्या हातानं त्यांच्या गालाच्या आत चोळली आणि पुन्हा चोळली. दारात साहेब उभे होते. ते सवयीनं पडद्याकडे बघत म्हणाले, "थांबलं." अक्षर थांबलं होतं. ठमी त्यांच्यावर इतक्या जोरात ओरडली की काय ओरडली ते तिला नंतर आठवलंच नाही. मामांचा जबडा हलला तेव्हा रुग्णवाहिकेची माणसं जिना उतरत होती.

इस्पितळात नर्सनं तिला काचेबाहेर बसवलं. "इथूनच दिसतं सगळं. ते हिरवे आकडे बघा. झकास आहेत."

ठमीनं आकडे पाहिले. खरंच झकास होते. दुपारचं शून्यही असंच झकास होतं.

"ताई, मला आत सोडा."

"अहो, आकडे—"

"आकडे तुम्ही बघा. मला आत सोडा."

आत जाऊन तिनं मामांच्या नाकाखाली तळहात धरला. ऊन श्वास लागला, गेला, पुन्हा लागला. गालावर कीबोर्डच्या कळांचे चौकोन उमटलेल्या मामांनी एक डोळा उघडला.

"नाकाशी हात काय धरतेस गं? भीक मागतेस?"

"बोला मामा. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. पण थांबू नका."

मामांनी उशीपासून सुरुवात केली. उशी दगडासारखी, पंखा आवाज करतो, चादर आखूड, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस घोरतो तेही चोरून. ते श्वास घेत, सोडत तक्रार करत राहिले. ठमीनं हात काढला नाही.