आक्काचे पाय

खुर्ची रिकामी असूनही सरजाबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या, मग दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. लातूरच्या त्या दवाखान्यात सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं. उदगीरहून येताना एसटीतही जागा असून त्या उभ्याच होत्या. कंडक्टर म्हणाला होता, "मावशी, उभ्यानं गेलं म्हणून तिकीट कमी लागत न्हाई." सगळी गाडी हसली. सरजाबाईंना हसू आलं नाही, रागही आला नाही. अलीकडे त्यांना तसं काहीच फारसं येत नसे.

रात्री बसलं, आडवं झालं की पोटरीच्या आत वळवळ सुरू व्हायची आणि चालायला लागलं की थांबायची. एवढंच दुखणं. पण माणूस किती चालणार? हाडाच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, शिरांच्या डॉक्टरांनी मोजे दिले. शेवटी उदगीरच्याच एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी बारीक पांढरी गोळी दिली आणि सरजाबाई झोपल्या. पुढे ते डॉक्टर मुलाकडे राहायला गेले. गोळी मात्र सुरू राहिली, कारण ती सुगतच्या मेडिकलमध्ये मिळायची.

सुगत त्यांचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली तेव्हापासून सरजाबाईंनीच त्याला वाढवलं. दिवसभर खुरपून आल्या की त्या पालथ्या पडायच्या आणि चिमुरडा सुगत भिंतीला हात लावून त्यांच्या पोटऱ्या तुडवायचा. त्या मजुरीवरच तो फार्मसी शिकला, दुकानदार झाला. बहिणीची गोळी तो स्वतः घरी आणून द्यायचा. त्रास वाढला की गोळी वाढवायचा. घरचं मेडिकल असताना डॉक्टरकडे जाऊन रांग कोण लावणार?

आता वळवळ भर दुपारीच सुरू व्हायची आणि हातांतही उतरायची. बुद्धविहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन दरवर्षी सरजाबाईंकडे असे. यंदा त्या मांडी घालून दोन पानंही बसू शकल्या नाहीत. वाचन दुसऱ्या बाईकडे गेलं तेव्हा त्या मागे उभ्या राहून ऐकत होत्या. घरी येऊन त्यांनी नेहमीसारखा स्वयंपाक केला. सुनेला, लुंबिनीला, तो नेहमीपणाच सहन झाला नाही. ती शाळेत शिक्षिका होती. तिने चार जणांना विचारून हे मेंदू आणि नसांचे डॉक्टर शोधले. त्याच्या गोळीवर शंका घेतल्यासारखं नको, म्हणून सुगतला मात्र सांगितलं, लातूरला साड्या घ्यायला चाललोय.

"उभ्यानंच बोला, काही हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळी दिवसाला किती?"

"दोन," लुंबिनीने सांगितलं.

सरजाबाई कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघत होत्या.

"चार," त्या म्हणाल्या.

"कुणी वाढवल्या?"

"मीच."

लुंबिनी वळून त्यांच्याकडे बघत राहिली. डॉक्टर रागावले नाहीत. काही जणांनी ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की तीच त्रास वाढवते, ते म्हणाले. डोस वाढवला की दुखणं आणखी लवकर सुरू होतं, हातांपर्यंत चढतं. रक्तातला लोहाचा साठाही तपासू. नवीन औषध देतो. पण जुनी गोळी एकदम तोडायची नाही, मी सांगेन तशी हळूहळू उतरवायची. मधले काही आठवडे जड जातील. तेव्हा घरच्यांनी सांभाळून घ्या.

परतीच्या गाडीत लुंबिनी सीटवर आणि सरजाबाई तिच्याशेजारी दांडा धरून.

"मामांनीच दिल्या ना, आई?"

"त्याला काही बोलायचं न्हाई."

"असं कसं? त्यांनी एकदा तरी डॉक्टरकडे न्यायला हवं होतं!"

"त्यानं मला बरं वाटावं म्हणून दिलं," सरजाबाई म्हणाल्या. "हे कळलं तर तो दुकानात उभा राहू शकायचा न्हाई." आणि गाडी लागल्यासारखं तोंड त्यांनी खिडकीकडे केलं.

रविवारी संध्याकाळी सुगत आला. अंगाने चांगला भरलेला, दारात उभा राहिला की उजेड अडायचा. खिशातून त्याने गोळ्यांची नेहमीची पट्टी काढून फळीवर ठेवली.

"साड्या दाखव की, आक्का. का मला दाखवायच्या न्हाईत एवढ्या भारी हायत?"

सरजाबाई अंगणात फेऱ्या मारत होत्या. त्यांना खोटं बोलायचा सराव नव्हता. डॉक्टरसमोर एकदा बोलल्या, त्यातच सगळं संपलं होतं.

"साड्या न्हाई आणल्या. डॉक्टरकडं गेलतो."

"मग सांगायचं की मला. मी गाडी घेऊन आलो असतो."

आतून लुंबिनी चहा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"ह्या गोळीनंच वाढलंय म्हनले," सरजाबाई म्हणाल्या. त्या चालायच्या थांबल्या नाहीत. "जितकी जास्त, तितकं जास्त."

सुगतने फळीवरच्या पट्टीकडे बघितलं. गोळीच्या माहितीचा कागद त्याच्या दुकानातल्या प्रत्येक डबीत घडी घालून ठेवलेला असे. कुणी विचारलं तर तो वाचून दाखवायचा. बहिणीने कधी विचारलं नव्हतं.

"मी वाढवत गेलो."

"मी मागत गेले. एकदम तोडायची न्हाई म्हनले. हळूहळू उतरवायची."

त्याने फळीवरची पट्टी उचलली. लुंबिनीकडून कात्री मागितली. पट्टी मधोमध कापली, एक तुकडा फळीवर ठेवला, दुसरा खिशात टाकला. मग चपला काढल्या.

"आक्का, पालथी पड."

"येडा झालास का? म्हशीएवढा झालायस."

"भिंतीला धरतो."

सरजाबाईंनी सुनेकडे बघितलं. मग आत जाऊन भिंतीकडेला चटई टाकली आणि पालथ्या झोपल्या. सुगतने दोन्ही तळवे भिंतीला टेकवले आणि एक पाऊल अलगद त्यांच्या पोटरीवर ठेवलं.

"आनखी टाक वजन," त्या म्हणाल्या. "व्हय. आता दुसरा."

कितीतरी दिवसांनी त्यांचे पाय एका जागी राहिले होते. पण वरचं वजन हळूहळू थरथरू लागलं. भिंतीला टेकलेल्या तळव्यांमध्ये सुगतने कपाळ टेकवलं होतं.

"हलू नको," सरजाबाई म्हणाल्या. "सुगता, हलू नको."