मिरची बंद

आमच्या घरात मिरची बंद आहे. सासूबाई पोटाच्या आजाराने गेल्या, म्हणून. विनीतने आईच्या तेराव्यालाच फर्मान काढलं, या घरात तिखट नको. तेव्हापासून कळव्याच्या या दोन खोल्यांत आमटी म्हणजे पिवळं पाणी. आमच्या सान्वीला ठेचा कसा लागतो तेच माहीत नाही.

सासूबाईंच्या पोटाला काही झालं नव्हतं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. मीच त्यांना पुसायचे. वास जिन्यापर्यंत जायचा. पण आमच्याकडे बाईचं कंबरेखालचं सगळं पोटातच धरतात. "पोराला पोटाचंच सांग," असं त्यांनीच बजावलेलं.

आणि आता शाळेचा निरोप. त्याच कॅन्सरची लस, नववीतल्या मुलींना, उद्या. आईबापांची परवानगी पाहिजे.

"नाही द्यायची," विनीत म्हणाला. "तो रोग संबंधातून होतो, वाचलंय मी. माझी पोरगी तसली नाही."

"अरे, उद्या लग्न होईल ना तिचं? लस आधीच घ्यायची असते."

"नवरा चांगला बघू. आपल्या घरात कोणाला झालाय?"

माझं डोकं सटकलं. "तुझ्या आईला."

सगळं सांगितलं.

"काय बोलतेस, हेमा? आई कधी एकटी देवळातपण गेली नाही."

"मग?"

त्याची नजर भिंतीवर गेली. तिथे चंदनाच्या हारात सासरे.

"म्हणजे आजोबा तसले होते?" कोपऱ्यात अभ्यास करत बसलेल्या सान्वीने विचारलं.

"गप्प बस!" आम्ही दोघंही ओरडलो.

सासूबाईंच्या वेळी दवाखान्यातली नर्स म्हणालेली, हा विषाणू कोणालाही लागतो, वर्षानुवर्षं अंगात गप्प असतो, कोणाकडून आला ते सांगता येत नाही. कोणी तसलं नसतं. तेच मी दोघांना सांगितलं. पण मग मी चिडायचं कोणावर? कोणावर तरी चिडायचं होतं मला.

विनीत म्हणाला, "मग मिरचीचं काय?"

हसू की थोबाडीत मारू, कळेना. "मिरचीने काही झालं नव्हतं रे."

"मग मी पोरीला इतकी वर्षं..." तो झोपायला गेला. लसीला ना हो म्हणाला, ना नाही.

सकाळी मी उठले तर तो स्कूटर पुसत होता. सान्वीला स्वतः घेऊन गेला.

दुपारी दोघं परत आली. सान्वी दंड धरून, "दुखतंय गं," करत. त्याच्या हातात पिशवी. पिशवीत हिरव्या मिरच्या.

"या कशाला?"

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला.