सहावी नळी

सकाळी आठपासून ताई उभ्या होत्या आणि आता दीड वाजला होता. रक्तपेढीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईचे पाय दुपारनंतर तिचे राहत नाहीत. कुणाकडून तरी उसने आणल्यासारखे ते नुसते खाली असतात. त्यात जोडीदारीण रजेवर, म्हणजे दोघींचं काम एकीच्या अंगावर.

खिडकीच्या काचेपलीकडे फरशीवाला उभा होता. घरोघरी फरश्या बसवणारा माणूस. गुडघे कायमचे वाकलेले, नखांत सिमेंट. त्याची बायको वर तिसऱ्या मजल्यावर होती. पोटातला व्रण फुटून रक्त वाहून गेलं होतं, हिमोग्लोबिन चारावर आलेलं. संध्याकाळपर्यंत रक्त चढलं नाही तर हृदय धीर सोडेल, असं वरच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

बाईचा गट बी पॉझिटिव्ह. फ्रिजमध्ये त्या गटाच्या अकरा पिशव्या होत्या. तरी त्यातली एक उचलून देता येत नाही, हे फरशीवाल्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"ताई, बी पॉझिटिव्ह म्हणजे बी पॉझिटिव्हच ना? का त्यातही घरचे आणि दारचे?"

"पांढरी फरशी म्हणजे पांढरीच ना?"

"छे! लॉट बघावा लागतो. या खोक्यातली आणि त्या खोक्यातली शेजारी बसवली की पट्टा उठून दिसतो."

"मग तसंच. गट एकच, पण लाल पेशीच्या अंगावर आणखी पुष्कळ बारीक खुणा असतात. त्यातली एक तुमच्या मंडळींच्या पेशींवर नाही, आणि चारातल्या तिघांच्या पेशींवर ती असते."

"असेना! तिचं काय जातं?"

"तिच्या पांढऱ्या पेशींचं जातं. परकी खूण दिसली की त्या बरोबर त्या खुणेच्याच मापाची प्रतिपिंडं घडवतात. ती प्रतिपिंडं त्या खुणेला चिकटतात, दुसरीकडे ढुंकून बघत नाहीत. आता तसलं रक्त आत गेलं, तर चढवलेल्या पेशी फुटतील आणि बाई आहे त्याहून वाईट होईल."

"मग माझंच काढा. बत्तीस वर्षं सगळं जुळवून घेतलं तिनं. रक्तच तेवढं जुळणार नाही?"

ताईंना हसू आलं, पण हसायलाही ताकद लागते. "तुमचं तर मुळीच नको. ही खूण तिनं पहिल्यांदा बहुधा तुमच्यामुळेच पाहिली."

"मी काय केलं?"

"मूल झालं ना? बाळाच्या रक्तावर बापाचीही खूण येते. बाळंतपणात त्यातलं थोडं रक्त आईच्या रक्तात जातं. पुढे त्यांचं मांडीचं हाड मोडलं आणि दोन पिशव्या चढवल्या, तेव्हा तीच खूण पुन्हा भेटली. मग राग पक्का झाला."

"म्हणजे इतकी वर्षं माझ्यावर डूख धरून आहे," फरशीवाला म्हणाला. "आणि तोंडावर कधी चकार शब्द नाही!" तो हसला आणि हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले.

देवानं माणसाला दोन स्मरणशक्ती दिल्या आहेत. डोक्यातली एक, ती गॅसवर ठेवलेलं दूधसुद्धा विसरते. रक्तातली दुसरी, ती तीस वर्षांपूर्वीची एक खूण विसरत नाही. त्याची करणी, त्याला ठाऊक. पण दुसरीचा हिशेब चुकता करायला खाली ताईंसारखं कुणीतरी उभं राहावं लागतं.

ती खूण थेट ओळखायचं औषध आठवड्यापासून संपलेलं होतं. राहिला लांबचा रस्ता. प्रत्येक पिशवीतल्या पेशी बाईच्या रक्तद्रवात घालायच्या आणि अर्धा तास अंगाच्या उष्णतेला ठेवायच्या. मग यंत्रात सलाईननं तीनदा धुवायच्या, म्हणजे न चिकटलेली प्रतिपिंडं वाहून जातात. मग कूम्ब्सचं औषध. पेशींना प्रतिपिंडं चिकटली असतील, तर हे औषध पेशी एकमेकींना बांधतं. नळीत पुंजके दिसतात, पिशवी बाद.

ताईंनी सहा पिशव्या लावल्या होत्या. पहिल्या पाच नळ्यांत पुंजके. सहावी हलवली, तर पेशी धुरासारख्या अलगद वर उठल्या. एकही पुंजका नाही.

आता आणखी एक थेंब टाकायचा असतो. प्रतिपिंडं मुद्दाम आधीच चढवलेल्या पेशींचा. त्यांचे पुंजके व्हायलाच हवेत. नाही झाले, तर धुण्यात खोट आहे, औषध उरलेल्या प्रतिपिंडांवरच खर्ची पडलं आहे, आणि सगळा निकाल रद्द. दोन मिनिटांचं काम. एकतीस वर्षांत तो थेंब टाकल्याशिवाय ताईंच्या तोंडून 'जुळलं' निघालं नव्हतं.

आज निघालं. काचेला कपाळ टेकून तो माणूस बघत होता आणि शब्द निसटला.

"जुळलं."

शिपाईमामा तयारच होते. "आलं एकदाचं!" म्हणत त्यांनी पिशवी डब्यात ठेवली, ताईंनी चिठ्ठीवर सही केली, आणि मामा पडले बाहेर. फरशीवाला जिन्यात लेकीला फोनवर सांगत होता, "मिळालं गं, मिळालं!"

मग ताईंनी तो थेंब टाकला. नळी फिरवली, उजेडात धरली.

पुंजके नाहीत.

पुन्हा हलवली. पेशी सुट्या, आज्ञाधारक, गुळगुळीत. यंत्राचं झाकण उघडून ताईंनी सहाव्या घराची तोटी पाहिली. तोंडाशी मिठाचा खडा साचलेला. पाणी अर्धंच पडलं होतं.

चार पावलांत त्यांनी फोन गाठला.

"डॉक्टर, पिशवी लावू नका."

"अहो, अडकवली आहे. नळी भरतेय."

"उतरवा. चाचणी खोटी आहे. चूक माझी आहे."

"ताई, बाईची नाडी एकशेतीस आहे! सकाळपासून तुम्ही मला काय काय ऐकवताय. मला रक्त हवंय, प्रवचन नकोय."

"उतरवा, बाई," ताई म्हणाल्या. "रागवायचं ते नंतर रागवा."

पलीकडे सलाईनचा स्टँड खडखडला. मग, "उतरवली. थेंबही गेला नाही. तासाभरात दुसरी द्या."

फरशीवाला धावत परत आला. "हो म्हणता, नाही म्हणता! माणसाच्या जिवाशी खेळ आहे का हा?"

"आहे," ताई म्हणाल्या. "म्हणूनच नाही म्हणाले." आणि त्यांनी त्याच्याकडे पाठ केली.

यंत्र बंद. सहावी नळी आणि उरलेल्या पाच पिशव्यांच्या नळ्या त्यांनी हातानं लावल्या, हातानं धुतल्या. भरायचं, फिरवायचं, ओतायचं, झटकायचं, तीनदा. मामा सलाईनच्या बाटल्या फोडून देत होते. एकदाच म्हणाले, "बसून धुतलंत तर चालत नाही का?"

"बसले तर उठणार नाही, मामा."

सहावीत बारीक, पण स्पष्ट पुंजके आले. ताईंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. नव्या पाचांतली पहिली बाद, दुसरी बाद. तिसरी स्वच्छ. त्यांनी थेंब टाकला, फिरवली, उजेडात धरली. घट्ट, लाल पुंजका. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. मामांच्या हातात डबा दिला आणि स्वतः त्यांच्यामागून तीन जिने चढल्या.

रक्त चालू झालं की पहिली पंधरा मिनिटं जोखमीची. दिवसभर जिचं रक्त बघितलं, ती बाई त्यांनी आता पाहिली. लहानखुरी, ओठ कागदासारखे. डॉक्टरीणबाई नाडीवर बोट ठेवून उभ्या. फरशीवाला खाटेच्या पायथ्याशी. पाच मिनिटं. दहा. थंडी नाही, कंबरदुखी नाही. पंधरा.

"ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि ताईंकडे बघून मान हलवली.

बाईनं डोळे उघडले. "ह्या कोण?"

"मी खालची, रक्तपेढीतली," ताई म्हणाल्या. "दुपारी माझ्याकडून चूक झाली होती. चुकीची पिशवी वर पाठवली."

"मग?"

"मग परत मागवली."

बाईनं त्यांना पायांपासून वरपर्यंत पाहिलं. मग सुई नसलेला हात जरासा हलवून नवऱ्याला म्हणाली, "अहो, स्टूल द्या त्यांना. किती दमल्यात."

फरशीवाल्यानं स्टूल पुढे सरकवलं. ताई बसल्या.