मला ऊन लागले नव्हते

मित्रांनो, जरा डोळे मिटा. पाठीवर रोजचे दप्तर घेऊन तुम्ही शाळेकडे धावत निघाला आहात. एवढ्यात कुणीतरी अगदी प्रेमाने त्या दप्तरावर गव्हाचे पोते ठेवतो आणि म्हणतो, "हं, आता आणखी जोरात पळ!" तुमचे गुडघे वाकतील, पाय रखडतील आणि बघणारे म्हणतील, पोराला काहीतरी झालेले दिसते. आता डोळे उघडा. माझे अगदी असेच झाले होते.

मी एक जुना लॅपटॉप आहे. रंग राखाडी, वजन भरपूर, पडदा रंगीत. पण तिरके पाहिले तर सगळे फिके दिसते. माझी उमेदीची वर्षे नरडाण्याच्या एका कारखान्यात गेली. तिथे नवे संगणक आले, तेव्हा मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत केसरबाईंच्या घरी आलो. केसरबाई शिक्षिका. संध्याकाळी कॉलनीतल्या बायकांना त्या लिहायला-वाचायला शिकवत. त्या बायकांसाठी मोठ्या अक्षरांचे एक पुस्तक त्या माझ्यावर तयार करत होत्या. मी चपळ होतो. त्यांनी कळेवरून बोट उचलायच्या आत अक्षर पडद्यावर हजर असे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, खरेच तसे होते.

वैशाखी पौर्णिमेला विहारात या बायका सगळ्यांसमोर पुस्तकातले पाठ वाचून दाखवणार होत्या. बेबाबाईंना तर दम निघत नव्हता. त्या रोज दारातून विचारत, "ताई, आमनं पुस्तक व्हई ना? नातीले सांगेल शे मी, पुनवले वाचसु म्हनीसन!"

"होणार म्हणजे होणार," केसरबाई म्हणत.

अशात त्यांचा भाचा छगन जळगावहून सुट्टीला राहायला आला. हातात फ्लॉप्यांची चळत. "आत्या, ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम. चित्रं, खेळ, खिडक्या, सगळं आहे. तुझा हा डबा बघ कसा विमान होतो!"

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे आमच्या घरचा कारभारी. कुणी आधी काम करायचे, कुणी थांबायचे, हे तो ठरवतो. माझा जुना कारभारी साधा होता, कोपऱ्यात बसून काम पाहायचा. नवा मोठ्या थाटाचा. छगनने जुना काढून नवा बसवला आणि दहा वर्षांची सुगंधा, केसरबाईंची मुलगी, आनंदाने उड्याच मारू लागली. कारण नव्यात चित्रे काढता येत होती. तिने शेडमधून बाहेर पडणारे इंजिन काढले. धूर जांभळा केला.

पण माझा वेग गेला. केसरबाई 'क' दाबत आणि तो उगवायची वाट पाहत बसत. पान उलटायचे तर माझ्या पोटात घरघर सुरू होई. वीज गेली की बॅटरीवर जेमतेम एखादे पान होई, तेही अर्धवट. पौर्णिमा आठवड्यावर आली आणि निम्मे पुस्तक बाकी होते.

सुगंधाचे आजोबा पितांबर आबा मूळचे भडगावचे, जन्मभर रेल्वेच्या इंजिनांवर काम केलेले. त्यांनी माझ्या पाठीला हात लावला आणि निदान करून टाकले, "याले ऊन लागनं, दुसरं काय शे!"

मे महिन्यातले भुसावळ, मित्रांनो! तिथे दुसरे निदान सुचणारच नाही. आबांनी मला कूलरसमोर ठेवले, खाली ओला पंचा अंथरला आणि बाजूला एक पांढरा कांदा ठेवला.

केसरबाई हसू दाबत म्हणाल्या, "आबा, याला भाकरीपण वाढू का?"

"हसू नको. मना खिशात कांदा व्हता म्हनीसन मी आज शे."

मला त्यांचा राग आला नाही. इतकी माया किती यंत्रांच्या वाट्याला येते? फक्त ओल्या पंच्याची भीती वाटली. तो सुगंधाने गुपचूप काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती पहाटेच उठली. हवा गार होती. तिने माझ्या पाठीवर तळहात ठेवला, मीही गार. मग मला सुरू केले. तरी माझी तीच घरघर, तीच रखडपट्टी.

"आबा, ऊन नाहीये हे! जुन्या इंजिनाला जास्त डबे जोडले तर काय होतं?"

"वढाई नही. चढावर तर उभंच राही."

"मग छगनदादाने डबेच जोडलेत."

शाब्बास! माझी कामाची जागा म्हणजे स्वयंपाकाचा लहानसा ओटा. नवा कारभारी एकटाच सगळा ओटा अडवून बसला होता. त्यामुळे केसरबाईंचे प्रत्येक पान आधी कोठीत, म्हणजे माझ्या डिस्कवर, नेऊन ठेवायचे, मग पुन्हा आणायचे. घरघर होती ती या हेलपाट्यांची. मी आजारी नव्हतो, म्हातारा झालो नव्हतो. माझ्यावर माझ्या मापाबाहेरचे ओझे होते. मित्रांनो, नव्याला नावे ठेवू नका. मोठ्या ओट्यावर तोही छान काम करतो. पण कुणावरही नवे काही लादण्याआधी त्याची ताकद विचारा. यंत्राला विचारा, बैलाला विचारा, धाकट्या भावालाही विचारा.

छगनने डोके खाजवले. "जुनी सिस्टिम परत टाकता येईल. आत्याची पानं फ्लॉपीवर काढून घेतली आहेत. पण सुगंधे, चित्रांचं काही जुन्यात चालणार नाही, फ्लॉपीवर घेतलं तरी उघडणार नाही."

"म्हंजे तुनं इंजिनबी जाई, पोरी," आबा हळूच म्हणाले. "बठ्ठं पुसाई जाई."

बाहेरून बेबाबाईंचा आवाज आला, "ताई, कितलं व्हयनं पुस्तक?"

छगनने जुन्या सिस्टिमची फ्लॉपी आत सरकवली. पडद्यावर प्रश्न आला : सगळे पुसायचे का? हो की नाही?

त्याने बोट पुढे केले. सुगंधाने त्याचा हात बाजूला सारला.

"थांब दादा. चित्र माझं आहे," ती म्हणाली, आणि 'हो'ची कळ तिने स्वतः दाबली.